कार्यसंग्रह, व्यक्तिगत
कार्यसंग्रह, व्यक्तिगत : कलावंताने, कारागिराने वा अन्य व्यावसायिकाने स्वतःच्या कामातून निवडलेल्या, विशिष्ट क्रमाने लावलेल्या आणि आवश्यक त्या नोंदींसह इतरांच्या अवलोकनार्थ मांडलेल्या कृतींचा संच. या अर्थी ‘पोर्टफोलिओ’ ही संज्ञा मराठीतही रूढ आहे. ‘वाहून नेणे’ व ‘कागदाचे पान’ या अर्थांच्या दोन इटालियन शब्दांपासून ती बनली असून तिचा मूळ अर्थ सुटी पाने ठेवण्याचे पुठ्ठ्याचे चपटे आवरण असा आहे. चित्रकार व वास्तुशिल्पज्ञ आपली रेखाटने अशा आवरणात घालून आश्रयदात्याकडे नेत. पुढे आवरणाचे नाव आतील कृतिसंचास लाभले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून असा संच व्यक्तिगत संकेतस्थळावर मांडण्याचा प्रघात पडला आहे.

कार्यसंग्रहाचे जाहिरात, व्यवसायवृत्त, प्रदर्शन आणि समग्र कृतिसूची यांच्याशी साम्य दिसत असले, तरी तो या चौहोंहून भिन्न आहे. जाहिरातीत कामाविषयीचे विधान असते. व्यवसायवृत्तात शिक्षण, पदे व अनुभव यांची यादी असते. प्रदर्शन ठराविक मुदतीचे असून ते उतरविले की त्यातील मांडणी मोडते. समग्र कृतिसूची बहुधा अभ्यासक तयार करतात आणि तीत बऱ्यावाईट सर्व कृतींची नोंद अभिप्रेत असते. कार्यसंग्रहात प्रत्यक्ष कृती किंवा तिची विश्वसनीय प्रतिमा पुढे ठेवलेली असते, तिची निवड खुद्द कर्त्याने केलेली असते आणि तिच्याविषयीची विधाने तपासून पाहण्याजोगी असतात. त्यामुळे त्याचे स्वरूप प्रशस्तीपेक्षा पुराव्याचे अधिक असते. कृती कोणी केली, केव्हा केली, कोणासाठी केली आणि तीत कर्त्याचा स्वतःचा वाटा कितपत होता, या चार प्रश्नांची उत्तरे देणारा संग्रह दीर्घकाळ उपयुक्त ठरतो. ती न देणारा संग्रह कितीही देखणा असला, तरी काही वर्षांनी केवळ चित्रांचा गठ्ठा होऊन राहतो.

पूर्वेतिहास : लिओनार्दो दा व्हींची याने सु. १४८२ मध्ये मिलानचा अधिपती लोदोव्हीको स्फोर्त्सा याला उद्देशून लिहिलेले पत्र स्वतःच्या कौशल्याची ओळख करून देणाऱ्या लेखनाचा प्रसिद्ध नमुना मानले जाते. त्यात पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे यांविषयीचे आपले ज्ञान त्याने क्रमवार नमूद केले असून चित्रकलेचा उल्लेख अखेरीस केला आहे. सांगितलेले काही अशक्य वाटल्यास ते प्रत्यक्ष करून दाखविण्याची तयारीही दर्शविली आहे. कृती जवळ नसताना केलेल्या विधानाला प्रत्यक्ष प्रयोगाची जोड हवी, ही जाणीव या पत्रात आढळते.

फ्रेंच निसर्गचित्रकार क्लोद लोरँ याने सु. १६३५ पासून आपल्या चित्रांच्या रेखाटनरूप प्रती एका वहीत काढून ठेवण्यास प्रारंभ केला. चित्र कोणासाठी काढले, त्याची नोंद तो रेखाटनाच्या मागील बाजूस करी. त्याच्या चित्रांची नक्कल करून ती त्याच्या नावावर विकली जाऊ लागल्याने त्याने हा उपाय योजला, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. ‘सत्याचा ग्रंथ’ अशा अर्थाच्या लॅटिन नावाने ओळखली जाणारी ही वही आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे. इंग्रज उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा ग्राहकासाठी तांबड्या चामड्याच्या बांधणीच्या वह्या तयार करी. त्यांतील चित्रावर चिकटविलेली झडप उचलली की बागेचे आजचे रूप जाऊन नियोजित रूप दिसे. कामाच्या आधीची व नंतरची स्थिती शेजारी ठेवून दाखविण्याची ही पद्धत आजच्या संकेतस्थळांवरही प्रचलित आहे.

अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट याच्या कामाचे शंभर शिलामुद्रित पट १९१०-११ मध्ये बर्लिन येथून प्रसिद्ध झाले व त्यांमुळे यूरोपातील तरुण वास्तुशिल्पज्ञांना त्याच्या कामाचा परिचय झाला. ल कॉर्ब्यूझ्ये याची समग्र वास्तुरचना १९२९ ते १९७० या काळात आठ खंडांत प्रकाशित झाली. या दोन्ही उदाहरणांत वास्तूजवळ न जाताही तिचा अभ्यास करता येणे शक्य झाले. कार्यसंग्रहाचे महत्त्व अंतराच्या प्रमाणात वाढते, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रातील परंपरा : मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा आणि १८८८ मध्ये बाँबे आर्ट सोसायटी या संस्था स्थापन झाल्या. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांमुळे चित्रकाराला आपले काम सार्वजनिक रीत्या मांडण्याचे साधन मिळाले. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिलामुद्रणालय काढले व त्यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती सामान्य घरांपर्यंत पोहोचल्या. कलाशाळेत शिकून तेथेच दीर्घकाळ अध्यापन करणारे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे हा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध करून आपल्या कारकीर्दीची हकीकत स्वतःच नोंदवून ठेवली. दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांनी १९४५ मध्ये दीपावली हे नियतकालिक सुरू केले. मासिकाची मुखपृष्ठे व आतील सजावट वर्षानुवर्षे वाचकांसमोर येत राहिल्याने त्यांच्या कामाचे ते एक चालते दालनच ठरले.

उपयोजित कलेत कर्त्याचे नाव मागे पडण्याचा संभव अधिक असतो. नाटकाचे शीर्षक, ग्रंथाचे मुखपृष्ठ किंवा वस्तूचे वेष्टन हजारो लोक पाहतात. परंतु ते कोणी रेखले हे क्वचितच कोणास ठाऊक असते. अक्षररचनाकार कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटके व नियतकालिके यांसाठी केलेल्या शीर्षकलेखनाचे संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. विखुरलेल्या जाहिरातींतून व फलकांतून नाहीशी होऊ पाहणारी ही अक्षरे त्यामुळे एकत्र पाहता येतात आणि त्यांमागील एका हाताची ओळख पटते.

नागपूर व धरमपेठ : नागपूर हे प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि नंतर १९५६ पर्यंत त्यातून झालेल्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्यामुळे येथील कलाशिक्षणाची परंपरा मुंबईहून काहीशी स्वतंत्रपणे विकसित झाली. विख्यात चित्रकार सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचे प्रारंभीचे शिक्षण १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्ट येथे झाले. त्यानंतर ते मुंबईच्या कलाशाळेत गेले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले व तेथेच त्यांनी सहा दशके वास्तव्य केले.

रझा यांच्या बाबतीत २००९ साली घडलेली घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत दिल्लीतील एका कलावीथीमध्ये त्यांच्या जुन्या चित्रांचे म्हणून भरविलेले प्रदर्शन पाहण्यास ते स्वतः गेले असता, तेथील अनेक चित्रे आपली नाहीत असे त्यांना आढळले आणि प्रदर्शन बंद करण्यात आले. चित्रकार हयात होता म्हणून हा प्रकार उघडकीस आला. कारकीर्दीच्या प्रारंभीच्या वर्षांतील कामाची चित्रकाराने स्वतः केलेली नोंद सहसा अपुरी असते, कारण त्या काळात चित्रे लवकर हातावेगळी होतात व छायाचित्रे काढण्याची ऐपत नसते. अशा कामाचीच नक्कल करणे सोपे जाते. रझा यांच्या १९५८ ते १९७१ या काळातील चित्रांच्या समग्र कृतिसूचीचा पहिला खंड २०१६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाला. क्लोद लोरँ याने वहीत जे काम चित्रागणिक केले, तेच येथे अभ्यासकांना अर्ध्या शतकानंतर करावे लागले.

धरमपेठ ही नागपूरच्या पश्चिम भागातील वस्ती असून गोकुळपेठ, रामनगर, शंकरनगर व अंबाझरी हे भाग तिच्या आसपास आहेत. निवासी घरे, शिक्षणसंस्था व बाजारपेठ यांचे येथे मिश्रण आढळते. १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेली व आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था याच परिसराच्या दक्षिणेस असून तीत वास्तुशास्त्र व नियोजनाचा विभाग आहे. शहरातील सिव्हिल लाइन्स भागात १९८६ मध्ये स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र कलाप्रदर्शनांसाठी परिचित आहे. तथापि चित्रांचे मोठे ग्राहक, समीक्षक व प्रमुख कलावीथी यांचे केंद्र मुंबई हेच राहिले. तेथील जहांगीर कलावीथी (स्था. १९५२) नागपूरपासून आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. चित्रे बांधून नेणे, आणणे, भाडे व मुक्काम यांचा खर्च आणि प्रदर्शनाच्या तारखेसाठीची दीर्घ प्रतीक्षा यांचा विचार करता, धरमपेठेत राहून काम करणाऱ्या चित्रकाराला किंवा रचनाकाराला व्यक्तिगत संकेतस्थळ हे प्रदर्शनास पर्यायी नसले, तरी त्याच्या आधीचे आवश्यक पाऊल ठरते.

बाजारपेठेतील व्यवसायांतही कार्यसंग्रहाची जुनी रूपे आढळतात. छायाचित्रकाराच्या दुकानाच्या दर्शनी काचेतील छायाचित्रे, शिंप्याकडील नमुन्यांचे पुस्तक, मेंदी काढणाऱ्या स्त्रियांचे अल्बम ही त्यांची उदाहरणे होत. फलक रंगविणाऱ्या पेंटरांचा कार्यसंग्रह म्हणजे खुद्द रस्ता असे. फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत घातलेली सही हीच त्यांची ओळख. फ्लेक्सच्या छपाईने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ही कला मोठ्या प्रमाणावर मागे सारली व दुकानांचे रंगविलेले फलक उतरविले गेले. ज्यांनी आपल्या कामाची छायाचित्रे ठेवली नाहीत, त्यांचे आयुष्यभराचे काम फलकांबरोबरच नाहीसे झाले. नागपुरातच काय, राज्यातील बहुतेक शहरांत हीच स्थिती आढळते.

संकेतस्थळाचा उदय : जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जागतिक माहितीजालाची योजना मांडली. एप्रिल १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. व्यक्तिगत संकेतस्थळासाठी तीन गोष्टी लागतात : संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे ठराविक मुदतीसाठी नोंदविलेले क्षेत्रनाम, मजकूर व प्रतिमा जेथे साठविल्या जातात तो सेवासंगणक, आणि पृष्ठांची रचना. पहिल्या दोहोंसाठी बहुधा वार्षिक शुल्क द्यावे लागते. समाजमाध्यमांवरील खात्यापेक्षा व्यक्तिगत संकेतस्थळाचे वेगळेपण असे, की त्यावरील क्रम, मजकूर व मांडणी कर्त्याच्या अखत्यारीत राहते. समाजमाध्यमावर नवी कृती जुनीस मागे ढकलते व कोणती कृती कोणास दिसावी हे तेथील यंत्रणा ठरविते.

मराठीत संकेतस्थळ करणे प्रारंभी अवघड होते. प्रत्येक अक्षरसंचाची सांकेतिक मांडणी वेगळी असल्याने तोच अक्षरसंच वाचकाच्या संगणकावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश होता. परंतु तिचा प्रत्यक्ष प्रसार झाला तो संगणकांत त्यास अनुरूप अक्षरसंच अंतर्भूत झाल्यानंतरच. विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेल्या ‘मंगल’ या देवनागरी अक्षरसंचाचे रचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे होत. देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये उपलब्ध झाले. त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत नोंदविता येतो.

निवड व रचना : कार्यसंग्रहाचे मोल कृतींच्या संख्येवर अवलंबून नसते. पाहणारा बहुधा थोडा वेळ देतो व दुबळ्या कृतीवरून संपूर्ण संग्रहाविषयी मत बनवितो. म्हणून दहा ते वीस कृतींची निवड पुरेशी मानली जाते. निवडीत कर्त्याची पारख दिसते. स्वतःचे कोणते काम गाळावे हे कळणे हा व्यावसायिक परिपक्वतेचा भाग होय. सर्वांत सरस कृती प्रारंभी व त्याखालोखालची अखेरीस ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. एकाच प्रकारच्या कृतींचे गट पाडल्यास पाहणाऱ्याला तुलना करता येते.

प्रत्येक कृतीसोबत शीर्षक, निर्मितीचे वर्ष, माध्यम, आकार व सध्याचे ठिकाण या नोंदी आवश्यक असतात. व्यावसायिक कामाच्या बाबतीत यांखेरीज ग्राहकाची गरज, कामातील अडचण, स्वीकारलेला मार्ग व निष्पन्न झालेला परिणाम यांचे शंभर-दीडशे शब्दांत विवेचन दिले जाते. अंतिम कृतीच्या आधीची कच्ची रेखाटने व बाजूस सारलेले पर्याय दाखविल्यास कर्त्याची विचारपद्धती समजते. रचनाशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांत व नेमणुकीच्या वेळी परीक्षक या भागास विशेष महत्त्व देतात. अनेकांनी मिळून केलेल्या कामात स्वतःचा वाटा स्पष्ट शब्दांत लिहिणे आवश्यक असते. उदा., एखाद्या निवासी इमारतीच्या कामात केवळ आतील सजावटीचे आरेखन केले असता संपूर्ण इमारत आपली म्हणून दाखविणे हे कर्तृत्वाचा अपहार करण्यासारखे आहे व चौकशीत ते सहज उघडही होते.

संकेतस्थळावर पाहणाऱ्यासमोर मूळ कृती नसून तिची प्रतिमा असते. त्यामुळे छायाचित्रणास विशेष महत्त्व प्राप्त होते. चित्राचे छायाचित्र समोरून, चित्रपृष्ठाला समांतर अशा कॅमेऱ्याने व समप्रमाणात पसरलेल्या प्रकाशात काढावे लागते. नागपूरच्या उन्हाळ्यातील प्रखर दुपारच्या उन्हात घेतलेल्या छायाचित्रांत छाया काळ्या पडतात व फिकट रंग उडून गेल्यासारखे दिसतात. सकाळचा किंवा उत्तरेच्या खिडकीतील अप्रत्यक्ष प्रकाश त्यासाठी अधिक योग्य असतो. शेजारी रंगपट्टी ठेवून घेतलेल्या छायाचित्रावरून रंगांची दुरुस्ती करता येते. मूळ छायाचित्र पूर्ण आकारात जपून ठेवावे आणि संकेतस्थळासाठी त्याची लहान प्रत करावी, असा शिरस्ता आहे. जड प्रतिमांमुळे भ्रमणध्वनीवर पृष्ठ उघडण्यास विलंब लागतो व पाहणारा निघून जातो. अंध वाचकांसाठी प्रत्येक प्रतिमेला शब्दांत वर्णन जोडता येते; याच वर्णनाच्या आधारे शोधयंत्रांनाही ती प्रतिमा सापडते.

व्यवसायपरत्वे भेद : कार्यसंग्रहातील सामग्री व्यवसायानुसार बदलते. वास्तुशिल्पज्ञाच्या संग्रहात नकाशे, छेद, प्रतिकृती व बांधून झालेल्या वास्तूची छायाचित्रे असतात. वास्तूचे मालक पुढे तीत फेरफार करतात किंवा ती पाडून टाकतात. जुन्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत असलेल्या वस्त्यांत तर मूळ वास्तूची नोंद अनेकदा रचनाकाराकडेच उरते. आज्ञावलीकार आपल्या आज्ञावलीचा मूळ पाठ व तिचा चालता नमुना देतात. अनुवादक मूळ उताऱ्याशेजारी अनुवाद ठेवतात. शिक्षक पाठाची आखणी व अध्यापनसाहित्य मांडतात.

काही व्यवसायांत स्वतःचे काम मांडण्यावर नियमांची मर्यादा आहे. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. तथापि भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ मध्ये नियमात दुरुस्ती करून नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण व कार्यक्षेत्र एवढा तपशील संकेतस्थळावर देण्याची मुभा दिली. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविनियमांत रुग्ण मिळविण्यासाठी प्रसिद्धी करणे निषिद्ध मानले आहे. वास्तुशिल्पज्ञांच्या १९८९ च्या आचारविनियमांतही जाहिरातीवर निर्बंध आहेत. त्यामुळे या व्यवसायांत संकेतस्थळाची भाषा वर्णनपर व संयत असणे अपेक्षित आहे.

कर्तृत्व व प्रताधिकार : स्वतः केलेले काम दाखविण्याचा हक्क आपल्याला आपोआप असतो, हा समज सर्वस्वी बरोबर नाही. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये कृतीचा कर्ता हा सामान्यतः तिच्या प्रताधिकाराचा पहिला स्वामी असतो. परंतु नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र वा व्यक्तिचित्र यांचा प्रताधिकारही, करार नसल्यास, ते काढवून घेणाऱ्याकडे असतो. उदा., विवाहाची छायाचित्रे काढणाऱ्याने ती संकेतस्थळावर मांडण्यापूर्वी ग्राहकाची लेखी संमती घेणे इष्ट असते. कामाचा करार करतानाच ‘कार्यसंग्रहात दाखविण्याची मुभा’ असे कलम घातल्यास पुढील वाद टळतात. याच अधिनियमाच्या ५७ व्या कलमानुसार, प्रताधिकार दुसऱ्याकडे गेला असला, तरी कृतीचे कर्तृत्व आपले असल्याचे सांगण्याचा व तिची मानहानिकारक मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. कलाकृतीच्या प्रताधिकाराची मुदत सर्वसाधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची असते.

संकेतस्थळावरील प्रतिमेची नक्कल करणे सोपे असते. प्रतिमेवर उमटविलेली सही किंवा कमी आकाराची प्रत हे उपाय नक्कल करणे कठीण करतात, अशक्य करीत नाहीत. २०२२ पासून शब्दवर्णनावरून चित्रे तयार करणाऱ्या संगणकप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. माहितीजालावरील असंख्य प्रतिमांच्या आधारे त्या घडविण्यात आल्या असल्याने चित्रकारांच्या संमतीचा व मोबदल्याचा प्रश्न अनेक देशांत न्यायालयांपुढे गेला आहे. तयार चित्र हा कौशल्याचा पुरेसा पुरावा राहिला नसल्यामुळे, कामाच्या मधल्या अवस्थांची दिनांकित छायाचित्रे, कच्ची रेखाटने व वह्या यांना नव्याने महत्त्व आले आहे.

टिकाऊपणा व जतन : छापील ग्रंथ कपाटात पडून राहिला तरी टिकतो, संकेतस्थळ मात्र सतत निगा राखल्याशिवाय टिकत नाही. क्षेत्रनामाचे शुल्क भरावयाचे राहिल्यास पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर लाखो लोकांनी विनामूल्य व्यक्तिगत पृष्ठे उभारली होती. २००९ मध्ये ती सेवा बंद झाली व ती पृष्ठे त्या जागेवरून नाहीशी झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक रचनाकारांनी फ्लॅश या तंत्राने हलते, आकर्षक कार्यसंग्रह तयार केले. त्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपुष्टात आल्यावर ते संग्रह सामान्य संगणकावर उघडेनासे झाले. साध्या मजकुराची व साध्या प्रतिमांची पृष्ठे मात्र तीस वर्षांनंतरही वाचता येतात.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था माहितीजालावरील पृष्ठांच्या प्रती साठविते व २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. तिच्या संग्रहात आपल्या संकेतस्थळाची प्रत नोंदविणे कोणालाही शक्य आहे. तरीही केवळ त्यावर विसंबणे योग्य नव्हे. मूळ प्रतिमा व नोंदी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, वर्षातून एकदा त्या उघडून तपासणे, संकेतशब्द व शुल्काची तारीख कुटुंबातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असणे आणि कृतींची एक यादी कागदावर छापून ठेवणे, हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. कर्त्याच्या पश्चात संकेतस्थळ बहुधा पुढील शुल्काच्या तारखेपर्यंतच टिकते, हे लक्षात घेता कागदावरील यादीचे महत्त्व कमी लेखता येत नाही.

कर्त्याच्या हयातीनंतर संग्रहाची जबाबदारी घेणारी संस्था असल्यास त्याचे जतन अधिक निश्चित होते. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्‌स कोरिया (१९३०–२०१५) यांनी आपली आरेखने व प्रतिकृती यांचा संग्रह २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेस दिला. पणजी येथे त्यांच्या नावाचे प्रतिष्ठानही कार्य करीत आहे. रझा यांनी स्थापन केलेले प्रतिष्ठान दिल्लीत आहे. अशी सोय मोजक्या नामवंतांनाच लाभते. नागपूरसारख्या शहरांतील चित्रकार, फलक रंगविणारे, छायाचित्रकार, गृहरचनाकार व अक्षरकार यांच्या बाबतीत कर्त्याने स्वतः जपलेला संग्रह हाच पुष्कळदा त्यांच्या कामाचा एकमेव पुरावा असतो. त्यामुळे त्यातील वर्ष, ठिकाण व स्वतःचा वाटा यांची प्रत्येक नोंद कर्त्याच्या उपजीविकेबरोबरच त्या शहराच्या कलेतिहासालाही उपकारक ठरते.